पंधरा रात्री, चार मुक्काम: बोलोन्या ते व्हिएन्ना, निवांत रेल्वेने

युरोपची सहल आखताना बहुतेक जण आधी शहरांची यादी करतात. त्याऐवजी आधी रात्री मोजा. शहर बदलण्याची खरी किंमत तिकिटावर छापलेली नसते, ती वेळेत मोजावी लागते. हॉटेलची खोली सकाळी दहा-अकराच्या सुमारास सोडावी लागते आणि पुढच्या गावातली खोली दुपारी दोन-तीनच्या आधी क्वचितच मिळते. सामान भरणं, स्टेशन गाठणं, गाडीच्या आधी हाताशी ठेवलेला अर्धा तास, नव्या गावात पत्ता शोधणं, हे सगळं धरलं तर दोन तासांच्या प्रवासातही निम्मा दिवस जातो. पंधरा रात्रींत सात शहरं घेतलीत तर सहा वेळा मुक्काम हलवावा लागतो. म्हणजे तीन दिवस नुसत्या बॅगा ओढण्यात गेले.

म्हणून मुख्य मुक्काम चार-पाच रात्रींचा ठेवा आणि आसपासची गावं तिथूनच, पाठीवर फक्त छोटी पिशवी घेऊन, पाहून या. अशा फेरीसाठी एका बाजूचा प्रवास सव्वा तासापेक्षा जास्त नसावा आणि लागोपाठ दोन दिवस फेऱ्या नसाव्यात. बाहेरची फेरी पावसामुळे किंवा कंटाळ्यामुळे रद्द करता येते, पण आरक्षण केलेला मुक्काम सहजासहजी रद्द करता येत नाही. निवांतपणा येतो तो या मोकळीकीतून.

मुक्कामाचं गाव निवडताना त्याची कीर्ती पाहू नका, रेल्वेचा नकाशा पाहा. जिथून चार-पाच दिशांना गाड्या सुटतात आणि जिथं स्टेशनपासून पंधरा मिनिटं चालून खोलीवर पोचता येतं, ते गाव चांगलं. फ्लोरेन्स आणि व्हेनिस ही पाहायची शहरं आहेत. राहायला त्यांच्यामधलं बोलोन्या सोयीचं. वेगवान गाडीने तिथून फ्लोरेन्स चाळीस मिनिटांच्या आत येतं. साध्या प्रादेशिक गाडीने फेरारा आणि मोदेना अर्ध्या तासावर, तर रावेन्ना सव्वा तासाच्या आसपास आहे.

इथे उदाहरणादाखल घेतलेला आराखडा असा: बोलोन्या ५ रात्री, तिरानो (स्विस सीमेलगतचं इटालियन गाव) १, कूर (स्वित्झर्लंड) ३, व्हिएन्ना ६. विमानाचं तिकीट काढताना 'मल्टी-सिटी' पर्याय निवडून बोलोन्या किंवा मिलानला उतरा आणि परतीचं विमान व्हिएन्नाहून घ्या. नुसतं जाऊन-येऊन तिकीट थोडं स्वस्त दिसलं, तरी पहिल्या शहरात परत येण्याचा एक दिवस आणि तेवढं रेल्वेभाडं त्यात धरावं लागतं.

केव्हा जायचं आणि व्हिसा कोणाकडे मागायचा

मेचा उत्तरार्ध ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर. या दिवसांत उजेड भरपूर असतो आणि डॅन्यूबवरच्या बोटीही चालू असतात. मेच्या सुरुवातीला वाटेवरच्या आल्प्समधल्या बर्निना खिंडीतलं तळं अजून गोठलेलं असू शकतं. ऑगस्टमध्ये बोलोन्या तापतं आणि १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो या सुट्टीच्या आगेमागे तिथली कितीतरी छोटी दुकानं आणि खाणावळी आठ-पंधरा दिवस बंद असतात. बोलोन्यात मोठी व्यापारी प्रदर्शनंही भरतात. वसंतात बालपुस्तकांचं आणि सप्टेंबरमध्ये फरशी-टाइल्सचं. त्या आठवड्यांत खोल्यांचे दर गगनाला भिडतात, म्हणून तारखा पक्क्या करण्याआधी प्रदर्शनांचं वेळापत्रक पाहून घ्या.

इटली, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया तिन्ही शेंगेन या सामायिक व्हिसाच्या गटात आहेत, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निघण्याच्या किमान १५ दिवस आधी तरी तो द्यावाच लागतो. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा हवा. अर्ज करायचा तो सर्वांत जास्त मुक्काम असलेल्या देशाकडे. इथे एक पेच आहे: बोलोन्याच्या पाच आणि तिरानोची एक मिळून इटलीच्या सहा रात्री होतात आणि व्हिएन्नाच्याही सहाच. मुक्काम सारखा झाला की ज्या देशातून प्रवेश करणार त्याच्याकडे अर्ज जातो, म्हणजे इथे इटलीकडे. व्हिएन्नात एक रात्र वाढवलीत की तोच अर्ज ऑस्ट्रियाकडे जाईल. म्हणून आधी रात्री पक्क्या करा आणि मगच व्हिसाची तारीख घ्या.

बोलोन्या

या शहराचं वैभव म्हणजे रस्त्याकडेच्या कमानींचे ओटे, पोर्तिकी. सगळे मिळून सुमारे ६२ किलोमीटर भरतात. २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांची जागतिक वारसा म्हणून नोंद केली. पाऊस असो की ऊन, गावभर आडोशाने हिंडता येतं. पहिल्या दिवशी पोर्ता सारागोत्सा या वेशीपासून सान लुका टेकडीवरच्या देवळापर्यंत चालत जा. ६६६ कमानी, पावणेचार किलोमीटरच्या आसपास. पहिला अर्धा रस्ता सपाट, पुढचा चढाचा. सव्वा तास धरा आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. गावातल्या दोन प्रसिद्ध मनोऱ्यांपैकी गारिसेंदाच्या झुकावामुळे २०२३ मध्ये तो परिसर बंद करण्यात आला, तेव्हा मनोऱ्यावर चढण्याच्या भरवशावर दिवस आखू नका.

रावेन्नाला मात्र पूर्ण दिवस द्या. सान व्हिताले, गाला प्लाचिदियाची समाधी, निओनियन बाप्तिस्मागृह, सांत अपोलिनारे नुओव्हो आणि आर्चबिशपांचं संग्रहालय या पाच ठिकाणांचं तिकीट एकत्र मिळतं. त्यातल्या समाधीची आणि बाप्तिस्मागृहाची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. आत थोडीच मिनिटं थांबू देतात. समाधीची इमारत बाहेरून साधी, विटांची, फार तर एखाद्या घराएवढी. खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर दगडाचे पातळ पत्रे बसवलेले आहेत. बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की आधी नुसता अंधार दिसतो. मग डोळे सरावतात, मधाच्या रंगाचा उजेड दिसू लागतो आणि डोक्यावरच्या निळ्या छतातल्या सोनेरी चांदण्या एकेक करून उमटतात. आत आल्या आल्या कॅमेरा काढणाऱ्यांची ही मिनिटं वाया जातात. शिरण्याआधी दोन-तीन मिनिटं सावलीत उभे राहा, काळा चष्मा काढा आणि आत गेल्यावर आधी नुसते वर पाहत राहा. सान व्हिताले त्यानंतर पाहा. ५४७ मध्ये पवित्र केलेलं हे चर्च भरपूर उजेडाचं आहे, तिथे घाई नाही.

बोलोन्या स्टेशनात दोन गोष्टींमुळे गाड्या चुकतात. वेगवान गाड्यांचे १६ ते १९ क्रमांकाचे फलाट जमिनीखाली खोल आहेत. दारापासून तिथं पोचायला दहा मिनिटं सहज लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे फलाटाच्या आकड्यापुढे 'ओव्हेस्ट' किंवा 'एस्ट' लिहिलेलं असेल तर तो स्टेशनच्या पश्चिम किंवा पूर्व टोकाचा वेगळाच फलाट असतो. नुसता आकडा वाचून तिथे उभे राहिलात तर तुमची गाडी पलीकडून निघून जाते. इटलीत फलकावर गाडीचं शेवटचं स्टेशन मोठ्या अक्षरांत असतं, तुमचं मधलं स्टेशन बारीक सरकत्या ओळीत येतं किंवा दिसतच नाही. म्हणून तिकिटावरचा गाडीचा क्रमांक लक्षात ठेवा आणि तोच फलकावर शोधा.

प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावं लागतं, ऑनलाइन तिकिटाला चढण्याआधी चेक-इन करावं लागतं. त्या तिकिटावर विशिष्ट गाडी ठरलेली नसते. शिक्का मारला नाही तर तेच तिकीट पुन्हा वापरता येईल, म्हणूनच तपासनीस इथे दंड करतात आणि 'माहीत नव्हतं' हे कारण चालत नाही. वेगवान गाडीच्या तिकिटावर गाडी आणि जागा दोन्ही छापलेल्या असतात, त्याला शिक्का लागत नाही.

तिरानो आणि बर्निना

बोलोन्याहून मिलान सेंत्राले वेगवान गाडीने सुमारे सव्वा तास. तिथून तिरानोची प्रादेशिक गाडी अडीच तासांत पोचते. तिचा मार्ग कोमो सरोवराच्या पूर्व काठाने जातो. मिलानहून जाताना डाव्या बाजूला बसा, लेक्को सोडल्यावर पाणी खिडकीला लागून येतं. सकाळी लवकर निघालात तर वाटेत वारेन्नाला उतरून दोन-तीन तास काढता येतात. या गाडीला जागांचं आरक्षण नाही. शनिवार-रविवारी ती भरून जाते, म्हणून हा टप्पा आठवड्याच्या मधल्या दिवशी ठेवा.

तिरानोत एक रात्र कशाला, असं वाटेल. ती रात्र पुढच्या दिवसासाठी आहे. बर्निना मार्ग एका दमात, मिलानहून त्याच दिवशी येऊन पार करणारे लोक निम्मा मार्ग झोपेत घालवतात. तिरानोत राहिलात तर सकाळची गाडी ताज्या डोळ्यांनी पकडता येते आणि वाटेत उतरायला दिवस मोकळा राहतो.

तिरानो ते सेंट मॉरिट्झ याच रुळांवरून दोन प्रकारच्या गाड्या जातात. बर्निना एक्स्प्रेसला छतापर्यंत वळलेल्या काचा असतात आणि जागेचं आरक्षण सक्तीचं, त्याचे पैसे तिकिटाव्यतिरिक्त पडतात. साधी गाडी दिवसा साधारण दर तासाला असते आणि आरक्षणाशिवाय चालते. निवांत प्रवासाला साधी गाडीच बरी, असं माझं ठाम मत आहे. एक्स्प्रेसच्या काचा उघडत नाहीत, फोटोत आतलं प्रतिबिंब येतं आणि ठरलेल्या गाडीतून मध्येच उतरता येत नाही. साध्या गाडीच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात आणि आवडेल तिथं उतरून पुढची गाडी घेता येते.

तिकिटासाठी स्वित्झर्लंडचा सवलतीचा एक दिवसाचा पास पाहा. जितका आधी घ्याल तितका स्वस्त पडतो आणि तिरानोपासून कूरपर्यंतच्या साध्या गाड्यांत दिवसभर हवं तिथं उतरता-चढता येतं. एक मात्र आहे, तो तारखेला बांधलेला असतो. दुसऱ्या दिवशी ढग हटतील म्हणून थांबायचं असेल तर हा पास कामाचा नाही.

निघण्याआधी फोनचं रोमिंग बंद करा. युरोपीय संघातल्या सिमकार्डला संघातल्या देशांत जादा पैसे पडत नाहीत, पण स्वित्झर्लंड त्या नियमात येत नाही. काही कंपन्या ते धरतात, काही धरत नाहीत. तिरानोनंतर सीमा काही मिनिटांतच येते आणि फोन आपोआप स्विस जाळ्यात जातो.

तिरानो ४२९ मीटरवर आहे आणि ओस्पित्सिओ बर्निना २,२५३ मीटरवर. एवढा चढ ही गाडी दातेरी रुळाशिवाय चढते. सर्वांत तीव्र चढ १००० मीटरला ७० मीटरचा आहे. दरीत जागा नसल्याने ब्रुसिओ गावाच्या खाली रूळ नऊ कमानींच्या पुलावरून गोल फिरून स्वतःच्याच खालून गेले आहेत. पुढे पोस्कियाव्होचं तळं येतं आणि मग वळणावर वळण. आल्प ग्रुम या २,०९१ मीटरवरच्या स्टेशनात नक्की उतरा. समोर पालू हिमनदी, खाली तुम्ही नुकतीच सोडलेली दरी, आणि चहा-कॉफीला स्टेशनातच उपाहारगृह. तासाभराने पुढची गाडी येते. जूनमध्येही इथं गार वारा असतो, जाकीट मोठ्या बॅगेत नको, हाताशी हवं.

पुढच्या खिंडीत लागो बिआंको हे पांढुरकं तळं रुळांना लागून आहे. त्याच्या शेजारी लेय नाइर हे छोटं, काळसर तळं. दोन्हींच्या मध्ये युरोपचा जलविभाजक आहे. पांढऱ्या तळ्याचं पाणी पो नदीतून एड्रियाटिक समुद्राला मिळतं. काळ्या तळ्याचं पाणी इन नदीत आणि तिथून डॅन्यूबमधून काळ्या समुद्रात जातं. व्हिएन्नाच्या वाटेवर हे दुसरं पाणी तुम्हाला पुन्हा भेटणार आहे.

पोंत्रेसिना किंवा सेंट मॉरिट्झला गाडी बदलून आल्बुला मार्गाने कूरला या. फिलिसूर सोडलं की लांडवासर पूल येतो, ६५ मीटर उंच, आणि त्याचं एक टोक सरळ कड्यातल्या बोगद्यात गेलेलं. फिलिसूरच्या स्टेशनातून गाडी हलताच तयार राहा, हे दृश्य काही सेकंदांचं असतं.

कूर

इथे तीन रात्री विश्रांतीच्या आहेत. एक दिवस आरोसाची गाडी घ्या. ती कूरच्या स्टेशनासमोरून, गावाच्या रस्त्यातून, ट्रामसारखी निघते आणि तासाभरात साडेअकराशे मीटर वर चढते. दुसऱ्या दिवशी वरच्या ऱ्हाइनची घळ, रुइनाउल्टा. व्हेर्साम-साफिएन स्टेशनात उतरून नदीकाठाने ट्रिन स्टेशनापर्यंत चाला. दोन्ही टोकांना रेल्वे असल्याने त्याच वाटेने परत फिरावं लागत नाही. बाजारहाट शनिवारीच उरका, रविवारी दुकानं बंद असतात. चलन फ्रँक आहे. युरो काही ठिकाणी घेतात, पण सुटे फ्रँकमध्ये परत करतात आणि दर त्यांच्या सोयीचा लावतात. कार्डच वापरा. कार्डाच्या यंत्राने किंवा एटीएमने तुमच्या देशाच्या चलनात रक्कम कापू का असं विचारलं तर नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा, नाहीतर वाढीव दर लागतो.

कूर ते व्हिएन्ना

कूरहून झार्गान्स वीस-पंचवीस मिनिटं, तिथून व्हिएन्नाची रेलजेट (ऑस्ट्रियन रेल्वेची वेगवान गाडी) सुमारे सात तास. सवलतीचं तिकीट दोन-तीन महिने आधी घेतलं तर बरंच स्वस्त मिळतं, पण ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. म्हणून झार्गान्सला एक गाडी आधी पोचा. तासभर बसावं लागलं तरी चालेल. डिसेंबरच्या मध्याला नवं वेळापत्रक लागू होतं, त्यानंतरच्या तारखांची विक्री उशिरा खुली होते. रेलजेटमध्ये आरक्षण सक्तीचं नाही. तरी सात तासांसाठी थोडे युरो देऊन जागा घ्याच, नाहीतर इन्सब्रुकला चढणारा प्रवासी उठवतो.

जागा निवडताना एक ध्यानात ठेवा. झार्गान्सनंतर सीमेवरच्या बुक्स स्टेशनात गाडीची दिशा उलटते, इंजिनाकडे तोंड करून बसलेले मागे तोंड करून बसतात. प्रवासाचा मोठा भाग बुक्सनंतरचा आहे, तेव्हा झार्गान्सला उलट तोंडाने बसलेलं चांगलं. १८८४ मध्ये खुला झालेला दहा किलोमीटरहून लांब आर्लबेर्ग बोगदा ओलांडला की लांडेकला इन नदी भेटते. बर्निनाच्या त्या काळ्या तळ्याचं पाणी हेच. पुढे बराच वेळ ती रुळांच्या आसपास राहते.

व्हिएन्ना

सहा रात्रींपैकी एकच दिवस बाहेरचा ठेवा, तो डॅन्यूबच्या वाखाऊ दरीचा. इथे दिशा महत्त्वाची. आधी रेल्वेने मेल्कला जा, मठ पाहा, मग बोटीने क्रेम्सला या. प्रवाहाबरोबर जाणारी बोट पावणेदोन तासांच्या आत पोचते. उलट, क्रेम्सहून मेल्ककडे प्रवाहाविरुद्ध तीन तासांच्या आसपास लागतात आणि मठ बंद होण्याच्या बेताला तुम्ही धावत पोचता. मेल्कचा मठ आणि बोटीचा धक्का यांत पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे, आणि दिवसात बोटी मोजक्याच असतात. म्हणून आधी बोटीची वेळ पाहा, मग त्यावरून सकाळची गाडी ठरवा. क्रेम्सहून परतीची गाडी व्हिएन्नाच्या फ्रान्झ-योसेफ स्टेशनात येते, सकाळी निघालात तिथे नाही. सायकल किंवा सामान सकाळच्या स्टेशनात ठेवू नका. रेल्वे, बोट आणि मठ यांचं एकत्रित तिकीट ऑस्ट्रियन रेल्वेकडे हंगामात मिळतं.

संग्रहालयं दिवसाला एकच, तेही अडीच तासांच्या वर नको. त्यानंतर डोळे पाहतात पण मन घेत नाही. कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात सगळी दालनं पालथी घालण्याऐवजी चित्रकार ब्रॉयगलच्या दालनात तासभर बसा, बसायला कोच आहेत. त्याच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह इथं आहे. १५६५ मधलं बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांचं चित्र आधी लांबून पाहा, मग जवळ जाऊन खालच्या गोठलेल्या तळ्यावरची मुंगीएवढी माणसं पाहा. प्रत्येक जण काहीतरी वेगळं करतो आहे. गुरुवारी हे संग्रहालय रात्री नऊपर्यंत उघडं असतं आणि संध्याकाळी सातनंतर गर्दी ओसरते.

कॉफीगृहात एका कॉफीवर दोन तास बसलात तरी कोणी उठवत नाही. कॉफीसोबत पाण्याचा पेला येतोच. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, त्यामुळे गाडी पकडायची असेल तर पंधरा मिनिटं आधी मागा. बोलोन्यात याच्या उलट: काउंटरशी उभं राहून घेतलेली एस्प्रेसो स्वस्त, टेबलाशी बसलात की दर वाढतो. जेवणाच्या बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी थोडे युरो लागतात. ती पाव आणि टेबलाची रक्कम आहे, टिप नव्हे. इटलीत हॉटेलचा शहर-कर बहुधा बुकिंगच्या रकमेत नसतो, तो तिथेच द्यावा लागतो. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं. १८७३ पासून ते डोंगरातून आणलं जातं. बाटलीवर पैसे घालवू नका.

उशीर झाला तर: संघातल्या रेल्वेच्या नियमांनुसार मुक्कामाच्या ठिकाणी ६० ते ११९ मिनिटं उशिरा पोचल्यास भाड्याचा २५ टक्के आणि १२० मिनिटं किंवा जास्त उशिरा पोचल्यास ५० टक्के परतावा मिळतो. वादळ, पूर अशा अटळ कारणांना हा नियम लागू नाही. तिकीट आणि उशिराची नोंद जपून ठेवा आणि अर्ज तिकीट विकणाऱ्या रेल्वेकडे करा. हा हिशेब एका तिकिटावरच्या पूर्ण प्रवासाचा असतो, त्यामुळे एकाच प्रवासाचे तुकडे करून वेगळी तिकिटं घेतलीत तर पहिल्या गाडीच्या उशिराने चुकलेल्या दुसऱ्या गाडीची भरपाई मागणं अवघड जातं.